पेसमेकर आहे, तरी बाबांना धाप लागते. मदत हवी आहे

बाबा ७१ वर्षांचे, आम्ही नागपुरात महाल भागात राहतो. २०२१ मध्ये कंप्लीट हार्ट ब्लॉकमुळे (ठोक्याचे सिग्नल वरच्या कप्प्यांतून खाली पोचतच नव्हते) ड्युअल चेंबर, म्हणजे दोन कप्प्यांत तारा असलेला पेसमेकर बसवला. पहिली दोन वर्षं मस्त गेली. गेल्या सहा महिन्यांपासून दुसऱ्या मजल्यावर चढताना मधल्या वळणावर थांबतात आणि मोबाईल पाहण्याचं नाटक करतात. रात्री दोन उशा लागतात, संध्याकाळी मोज्यांचे वळ पायावर उमटलेले असतात.

पेसमेकर तपासून घेतला. बॅटरी, लीड (तारा) ठीक. पेसिंग ९८ टक्के, म्हणजे जवळपास प्रत्येक ठोका मशीनच देतंय. "मशीन उत्तम आहे" म्हणून घरी पाठवलं. मशीन उत्तम असेल हो, माणसाचं काय? इकोमध्ये ईएफ (हृदयाची पंपिंगची ताकद, टक्क्यांत) ६० वरून ४२ वर आलाय. अँजिओग्राफीत ब्लॉकेज नाही. हिमोग्लोबिन, थायरॉइड, छातीचा एक्स-रे, फुंकण्याची टेस्ट सगळं नॉर्मल. पाण्याची गोळी सुरू केल्यावर सूज उतरली, धाप तेवढीच. शुगर आहे, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) १.६. सिगारेट कधीच नाही.

सतत उजव्या कप्प्यातून पेसिंग झाल्याने हृदय कमजोर पडू शकतं, हे वाचलंय. डॉक्टर सीआरटीबद्दल (हृदयाच्या दोन्ही बाजूंना एकत्र ठोके देणारा पेसमेकर) ओझरतं बोलले, पण "तीन महिने पाहू" म्हणाले. बाबांना लांबचा प्रवास झेपत नाही, त्यामुळे मुंबई-पुणे शक्यतो नको.

जुन्या पेसमेकरवरून सीआरटी किंवा लेफ्ट बंडल पेसिंग (हृदयाच्या स्वतःच्या वायरिंगमधून ठोके देणं) कुणी करून घेतलंय का? धाप खरंच कमी झाली का, किती दिवसांत? आणि फक्त हृदयाच्या ठोक्यांचं काम पाहणारे ईपी डॉक्टर नागपुरात कुठे दाखवता येतील?