मागचा खांब पुन्हा हलून राहिला

बी-१०१ काकू (स. ७:१२): मागच्या कुंपणाचा तिसरा खांब पुन्हा हलून राहिला. काल पोरांचा बॉल लागला तर जाळीसकट झुलला. एखाद्या लेकराच्या अंगावर पडल्यावर मीटिंग घ्याल का?

सेक्रेटरी: नमस्कार काकू. मागच्या वर्षीच दुरुस्त केला. बिल फाइलला आहे.

ए-३०४: दुरुस्त? बुडाशी सिमेंट थापलं होतं फक्त, भाऊ.

सी-१०२: आधी कूलरच्या पाण्याचं बघा.

ए-२०२: 🌹 शुभ सकाळ. हसत राहा 🌹

डी-२०१ काका: काल सब्बल घालून पाहिलं. खाली काँक्रीटचा गोळा जेमतेम फूटभर, तोही चिरलेला. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. असा गोळा टिकेल कसा? जुना अख्खा उपटा. मुरूम लागेपर्यंत खणा, निदान अडीच फूट. माल १:२:४ (सिमेंट, रेती, गिट्टी), आणि घट्ट! मजूर पाणी जास्त घालतो, त्याला ढवळायला सोपं जातं. काँक्रीटचं तोंड जमिनीच्या थोडं वर, चहूबाजूंनी उतरतं ठेवा. पाणी साचलं की लोखंड नेमकं तिथंच गंजतं. बाजूला काळी माती परत लोटू नका, मुरूम कुटून भरा.

ए-३०४: काका, सात वर्षं कुठं होते जी तुम्ही?

डी-२०१ काका: कमिटीला दोनदा लिहून दिलं होतं. असो.

सेक्रेटरी: नवतपात, ऐन उन्हाच्या नऊ दिवसांत, काम काढायचं का सर?

डी-२०१ काका: संध्याकाळी ओता. वर ओलं पोतं, सात दिवस. तोवर दोन बल्ल्यांचा टेका, जाळी ताणायची नाही.

ए-३०४: आणि पाणी कोण मारणार? वॉचमन म्हणते माझं काम नाही.

सी-१०२: बी-१०१चा कूलर आहे ना. चोवीस तास क्युरिंग 😄 म्हणूनच म्हणतो, आधी कूलरच्या पाण्याचं बघा.

बी-१०१ काकू: ४५ डिग्रीत कूलर बंद करू काय? ज्यांचा तीन महिन्यांचा मेंटेनन्स बाकी आहे त्यांनी तरी बोलू नये.

सी-१०२: हा मेसेज डिलीट केला आहे.

ए-२०२: रविवारी काम ठेवा, तर्री-पोहे माझ्याकडून.

ए-३०४: पोह्यांचं बिलही फाइलला लागेल 🙏

सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक टीका नको. मिस्त्री शनिवारी बघून जाईल. रेती-गिट्टी गेटजवळ पडेल, गाड्या हलवाव्यात.

डी-२०१ काका: बघून जाईल म्हणजे मीही खाली येतो. अडीच फूट, टेप घेऊन.

सी-१०२: आणि कूलरचं पाणी?

बी-१०१ काकू (रा. ९:४०): पाइप वळवला. आता पाणी चौथ्या खांबाकडे जाते. तो कोणाकडे आहे ते ठरवून घ्या.