‘गिनी’ आली कुठून?

प्रश्न : परवा आज्जीच्या माळेतली गिनी सराफ कट्ट्यावर वजन करून घेतली. आठ ग्रॅमला किंचित कमी भरली. सराफ म्हणाले, “गिनी एवढीच असते की वो.” घरी येऊन शब्दावरून वाद. मामांच्या मते हिंदीतल्या ‘गिनना’वरून गिनी, म्हणजे मोजायचं नाणं. बरोबर आहे का?

प्रतिसाद : मामांचं म्हणणं पटेल असं आहे, पण खरं नाही. गिनी हे पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याचं नाव. तिकडच्या सोन्याची नाणी लंडनच्या टांकसाळीत १६६३ पासून पडू लागली, म्हणून लोकांनी नाण्यालाच ते नाव दिलं. कितीतरी नाण्यांवर राजाच्या चेहऱ्याखाली इवलासा हत्ती असतो. तो आपल्याकडचा नव्हे. आफ्रिकेतून सोनं आणणाऱ्या कंपनीची ती खूण. आणि हे वाचताना माझा जीव कळवळतो, की त्याच रॉयल आफ्रिकन कंपनीने त्याच किनाऱ्यावरून दीड लाखाहून जास्त माणसं जहाजांत कोंबून अमेरिकेकडे विकायला नेली. लंडनच्या या कंपनीची मक्तेदारी १६९८ मध्ये सुटली, तशी ब्रिस्टल आणि पुढे लिव्हरपूल ही बंदरं या धंद्यावर गब्बर झाली. कंपनीच्या कारभाऱ्यांपैकी एडवर्ड कोल्स्टन ब्रिस्टलचाच. दानशूर म्हणून गावाने त्याचा पुतळा उभारला होता. ७ जून २०२० ला लोकांनी तो दोर लावून पाडला आणि ओढत नेऊन बंदराच्या पाण्यात ढकलला.

प्रतिसाद : वजनावरून सांगतो, तुमचं नाणं मुळात गिनी नाहीच. गिनी २१ शिलिंगांची, शेवटची १८१४ ची. तुमच्याकडचा सॉव्हरिन, म्हणजे दुसरं इंग्रजी सोन्याचं नाणं असणार : २० शिलिंग, ७.९९ ग्रॅम, २२ कॅरट. नाणं बदललं, बाजाराच्या तोंडातलं नाव तेच राहिलं. मागे घोडेस्वार आहे का बघा.

प्रतिसाद : आमच्या गोठ्यात गिनी गवत आहे. तेही आफ्रिकेतलंच.

प्रश्नकर्ती : भिंग लावून बघितलं. घोडेस्वार आहे, घोड्याच्या पायाखाली ड्रॅगन. खाली १९१८, आणि सालाच्या वर मुंगीएवढं ‘आय’ अक्षर. वरच्या कडीला डाग दिलाय, तिथली नक्षी पार झिजलीय.

प्रतिसाद : ‘आय’ म्हणजे इंडिया. मुंबईच्या टांकसाळीत त्या एकाच वर्षी सॉव्हरिन पडले. जपून ठेवा, मोडू नका.

प्रश्नकर्ती : मोडणार नाही. पावतीवर सॉव्हरिन लिहून घेईन, आज्जी गिनीच म्हणेल. सगळं वाचून दाखवल्यावर मामा बराच वेळ गप्प बसले. मग विचारलं, त्या माणसांची नावं तरी कुठे लिहिलीत का?

प्रतिसाद : कंपनीच्या हिशेबात बहुतेक नुसते आकडेच. पण गुलामांच्या व्यापारावरच्या १८०७ च्या बंदीनंतर इंग्रज आरमाराने पकडलेल्या जहाजांवरून जे सुटले, त्यांच्या नोंदवह्या पश्चिम आफ्रिकेत, सिएरा लिओनच्या फ्रीटाउनला आहेत. एकेका माणसापुढे नाव, वय, उंची आणि अंगावरच्या खुणा लिहिल्यात. मामांना सांगा.