होस्ट-की बदलल्याची चेतावणी: सर्व्हरची ओळख नेमकी कशाने सिद्ध होते?

प्रश्न (नवप्रशासक):
नमस्कार. एसएसएचने (दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे लॉगिन करण्याच्या पद्धतीने) एखाद्या सर्व्हरला पहिल्यांदा जोडताना त्याची सत्यता पडताळता येत नसल्याचा संदेश आणि एक लांबलचक फिंगरप्रिंट, म्हणजे त्याच्या किल्लीचा संक्षिप्त ठसा, दिसतो. आपण 'येस' लिहितो आणि त्यानंतर पुन्हा काही विचारले जात नाही. आमच्याकडील एक सर्व्हर नुकताच नव्याने उभारला गेला, तेव्हा मात्र होस्टची ओळख बदलली असल्याची मोठ्या अक्षरांतील चेतावणी आली आणि जोडणी थांबली. सहकाऱ्यांनी सांगितल्याप्रमाणे 'नोन होस्ट्स' या, ओळखीच्या सर्व्हरच्या किल्ल्या नोंदवणाऱ्या, फाईलमधील त्या सर्व्हरची ओळ काढली, की काम सुरू होते. उपाय चालतो, परंतु तो योग्य आहे का हे मला समजून घ्यायचे आहे. माझ्या शंका दोन आहेत. सर्व्हरची सार्वजनिक किल्ली जोडणी करणाऱ्या कोणालाही मिळते. मग तीच किल्ली पुढे करून दुसरे एखादे यंत्र तोच सर्व्हर असल्याचे भासवू शकत नाही का? आणि पहिल्या जोडणीच्या वेळी माझ्याकडे तुलना करण्यासारखे काहीच नसेल, तर त्या वेळी मी नक्की काय पडताळतो?

उत्तर (जाळेप्रहरी):
आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर असे, की सार्वजनिक किल्ली दाखवणे हा ओळखीचा पुरावा नाहीच. पुरावा आहे तो त्याच क्षणी केलेल्या स्वाक्षरीचा. जोडणी सुरू होताना दोन्ही बाजू केवळ त्या सत्रापुरत्या तात्पुरत्या किल्ल्या तयार करतात आणि डिफी-हेलमन पद्धतीने, प्रत्यक्ष तारेवरून न पाठवता, एक समान गुपित मिळवतात. त्यानंतर दोन्ही बाजूंच्या आवृत्तीचे मजकूर, त्यांनी सुचवलेल्या अल्गोरिदमच्या याद्या, सर्व्हरची सार्वजनिक होस्ट-की (सर्व्हरच्या कायमच्या किल्लीजोडीतील उघड किल्ली; दुसरी, खाजगी किल्ली फक्त त्याच्याकडे असते), दोन्ही तात्पुरत्या सार्वजनिक किल्ल्या आणि ते गुपित, या सर्वांचा मिळून एक हॅश, म्हणजे मजकूर जराही बदलला तर बदलणारी ठरावीक लांबीची खूण, काढला जातो. सर्व्हर आपल्या खाजगी होस्ट-कीने या हॅशवर स्वाक्षरी करतो आणि आपला संगणक ती सार्वजनिक किल्लीने तपासतो. जानेवारी २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ४२५३ या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजात ही रीत नोंदवलेली आहे.

आता मध्येच बसलेल्या हल्लेखोराचा विचार करा. कालची स्वाक्षरी त्याला आज उपयोगी पडत नाही, कारण आजच्या तात्पुरत्या किल्ल्या वेगळ्या आहेत. त्याने आपल्याशी एक आणि खऱ्या सर्व्हरशी दुसरी अशा दोन देवाणघेवाणी केल्या, तर दोन्हींचे हॅश भिन्न निघतात आणि खऱ्या सर्व्हरकडून मिळालेली स्वाक्षरी आपल्याकडील हॅशला लागू पडत नाही. त्याने दोन्हीकडचे पॅकेट जसेच्या तसे पुढे ढकलले, तर स्वाक्षरी जुळेल खरी, पण गुपित त्याला कळणार नाही आणि सत्रातले काहीही त्याला वाचता येणार नाही. या रचनेतील हा भाग मला विलक्षण सुंदर वाटतो: ओळख आणि गुप्तता वेगवेगळ्या तपासल्या जात नाहीत, त्या एकाच स्वाक्षरीत बांधलेल्या आहेत.

उत्तर (पडताळणीप्रेमी):
दुसऱ्या शंकेबद्दल स्पष्टच लिहितो. फिंगरप्रिंट न जुळवता 'येस' लिहिले असेल, तर त्या वेळी आपण सर्व्हरची ओळख पडताळलेली नसते. समोरच्या यंत्राकडे त्या किल्लीची खाजगी जोडी आहे एवढेच सिद्ध झालेले असते. ते यंत्र आपल्याला हवे तेच आहे, हे नव्हे. त्यापुढे मिळते ती सातत्याची हमी, म्हणजे आज भेटलेले यंत्र पहिल्या दिवशी भेटलेलेच आहे, इतकीच. तातू यल्योनेन यांनी १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात, तेथील जाळ्यावर पासवर्ड चोरले गेल्यानंतर, एसएसएच लिहिले. कोणत्याही प्रमाणपत्र-संस्थेवर, म्हणजे किल्ली कोणाची हे प्रमाणित करणाऱ्या त्रयस्थ संस्थेवर, अवलंबून न राहता ते लगेच वापरता आले, याचे मोठे कारण ही पहिल्या भेटीवर विश्वास ठेवण्याची तडजोड होती. तडजोड वाईट नाही, पण तिची मर्यादा ठाऊक असावी.

फिंगरप्रिंट दुसऱ्या मार्गाने मिळवणे हाच खरा उपाय. सर्व्हरच्या प्रत्यक्ष कन्सोलवर किंवा क्लाउड सेवेच्या कन्सोलवर 'एसएसएच-कीजेन' चालवून 'ईटीसी' खालील 'एसएसएच' फोल्डरमधल्या सार्वजनिक होस्ट-कीचे फिंगरप्रिंट पाहावे. 'एसएसएच-कीस्कॅन'ने किल्ली आणून तिच्याशी तुलना करण्याचा सल्ला अनेक ठिकाणी दिला जातो. तो मला मान्य नाही, कारण ती आज्ञाही त्याच जाळ्यावरून किल्ली आणते आणि हल्लेखोर तिलाही आपलीच किल्ली देऊ शकतो. तुलना करताना एक काळजी घ्यावी: आरएसए, ईसीडीएसए आणि ईडी२५५१९ या प्रत्येक प्रकारच्या किल्लीचे फिंगरप्रिंट स्वतंत्र असते. शिवाय ओपनएसएसएच या एसएसएचच्या प्रचलित सॉफ्टवेअरमध्ये आवृत्ती ६.८ पासून, म्हणजे २०१५ पासून, ते एसएचए-२५६ या हॅशच्या रूपात दाखवले जाते. त्याआधीची एमडी५ रूपातली नोंद त्याच्याशी जुळणार नाही. डोळ्यांनी अक्षरे जुळवण्याचा कंटाळा टाळायचा असेल, तर आवृत्ती ८.० पासून 'येस'ऐवजी अपेक्षित फिंगरप्रिंटच चिकटवता येते आणि तुलना प्रोग्राम स्वतः करतो. ही सोय फार थोड्यांना माहीत आहे.

नवप्रशासक:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. एक पुढची शंका विचारतो. आम्ही पासवर्ड वापरत नाही. वापरकर्त्याच्या किल्लीनेच लॉगिन करतो. मग सर्व्हर खोटा असला तरी तो आमच्याकडून काय मिळवणार?

उत्तर (जाळेप्रहरी):
पासवर्डच्या तुलनेत आपली स्थिती निश्चितच चांगली आहे. पासवर्ड खोट्या सर्व्हरच्या हाती सरळ पडतो. म्हणूनच किल्ली जुळत नसताना कडक तपासणी बंद ठेवली असली, तरी ओपनएसएसएच पासवर्डने लॉगिन करू देत नाही. वापरकर्त्याच्या किल्लीने केलेल्या स्वाक्षरीत त्या सत्राचा ओळखक्रमांक असतो, त्यामुळे ती पुढे खऱ्या सर्व्हरकडे वापरता येत नाही. मात्र खोट्या सर्व्हरला आपली स्वाक्षरी तपासण्याची गरजच नाही. तो कोणालाही आत घेऊन हुबेहूब दिसणारा प्रॉम्प्ट देऊ शकतो. तेथे आपण 'सुडो'साठी (प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा चालवण्यासाठी) लिहिलेला पासवर्ड आणि चढवलेल्या फाईली त्याला मिळतात. एजंट फॉरवर्डिंग चालू असेल, म्हणजे आपल्या किल्ल्या सांभाळून स्वाक्षरी करणारा आपल्या संगणकावरील प्रोग्राम (एजंट) सर्व्हरवरून वापरू दिला असेल, तर सत्र चालू असेपर्यंत आपल्या एजंटकडून स्वाक्षऱ्या करवून घेऊन तो आपल्या नावाने इतर सर्व्हरवरही जाऊ शकतो. हा धोका मला सर्वांत गंभीर वाटतो.

उत्तर (सर्व्हरसांभाळ):
मूळ प्रसंगाकडे येतो. सर्व्हर नव्याने उभारला हे आपल्याला आधीच माहीत होते, म्हणून चेतावणीचे कारण पटण्याजोगे होते. पण कारण पटणे म्हणजे नवी किल्ली खरी ठरणे नव्हे. ओळ काढण्यापूर्वी नवे फिंगरप्रिंट ज्याने सर्व्हर उभारला त्याच्याकडून घ्यायला हवे. त्याहून बरे म्हणजे ही चेतावणी उद्भवूच देऊ नये: जुन्या होस्ट-की सुरक्षित जपून नव्या यंत्रावर परत बसवाव्यात. सर्व्हर बरेच असतील, तर होस्ट प्रमाणपत्रे वापरावीत. ही सोय २०१० च्या ओपनएसएसएच ५.४ पासून आहे. संस्थेची एक स्वाक्षरी-किल्ली प्रत्येक सर्व्हरच्या होस्ट-कीला प्रमाणित करते, आणि वापरकर्त्यांच्या 'नोन होस्ट्स'मध्ये त्या एकाच किल्लीची ओळ पुरते. मग सर्व्हर कितीही वेळा उभारले तरी कोणाला 'येस' लिहावे लागत नाही.

जुनी किल्ली जपणे मात्र नेहमीच योग्य नसते. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या ओपनएसएसएल या कूटलेखन-संचातील दोषामुळे काही काळ अंदाज बांधता येईल अशा किल्ल्या तयार होत होत्या. मे २००८ मध्ये ते उघड झाल्यावर असंख्य होस्ट-की बदलाव्या लागल्या. मार्च २०२३ मध्ये गिटहब या प्रोग्रामचा कोड साठवणाऱ्या सेवेची खाजगी आरएसए होस्ट-की एका सार्वजनिक रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) थोडा वेळ उघडी राहिली, आणि त्यांनी ती तातडीने बदलली. तेव्हा वापरकर्त्यांना आपल्यासारखीच चेतावणी दिसली, आणि नवे फिंगरप्रिंट गिटहबच्या संकेतस्थळावर, म्हणजे वेगळ्या मार्गाने पडताळलेल्या जागी, उपलब्ध होते. तसेच एका प्रतिमेवरून (तयार डिस्कच्या नकलेवरून) अनेक आभासी यंत्रे काढत असाल, तर प्रतिमेतील होस्ट-की आधी काढून टाका आणि प्रत्येक यंत्राला पहिल्यांदा सुरू होताना स्वतःची किल्ली बनवू द्या. नाहीतर एका यंत्राची खाजगी किल्ली मिळवणारा बाकी सर्वांचे सोंग घेऊ शकतो, आणि त्या वेळी कोणतीही चेतावणी येणार नाही.