भविष्यातल्या शहरात फुटपाथवर आम्ही कुठे आहोत?

सांजसावली:
सायन्स फिक्शन सिनेमातलं शहर बघताना माझी नजर आधी फुटपाथवर जाते. तिथे निवांत कोण उभं आहे? मी ट्रान्स बाई. काही काम नसताना कोपऱ्यावर उभी राहिले की लोक लगेच वळून बघायला लागतात, म्हणून पडद्यावरही तेच शोधते. 'ब्लेड रनर'मधलं (१९८२) लॉस एंजेलिस घ्या. पाऊस, निऑन, छत्र्या, तोबा गर्दी, आणि त्या गर्दीत आमची गोष्ट कुठेच नाही. त्याच वर्षीच्या 'लिक्विड स्काय'मध्ये आम्ही आहोत, ॲन कार्लाइलने तर बाई आणि पुरुष अशा दोन्ही भूमिका केल्यात. पण वावर सगळा क्लबात, नाहीतर गच्चीलगतच्या फ्लॅटमध्ये. न्यूयॉर्कचे रस्ते खाली लांब राहतात. रस्ता आमचा आहे असा सिनेमा कुणी पाहिलाय का?

जुनी_रिळं:
लिझी बोर्डनचा 'बॉर्न इन फ्लेम्स' (१९८३) बघाच. अमेरिकेत समाजवादी क्रांती होऊन दहा वर्षं झालीत, तरी बायकांना रस्त्यावर सुखाने चालता येत नाही. एका प्रसंगात पुरुष एका बाईला रस्त्यात गाठतात. तेवढ्यात शिट्ट्या ऐकू येतात आणि सायकलींवरून बायकांचा जथाच येऊन त्यांना घेरतो. पोलिसांना बोलवायचा प्रश्नच नाही. यांचं नेतृत्व करते ॲडलेड नॉरिस, कृष्णवर्णीय लेस्बियन. पुढे बायकांची रेडिओ केंद्रं जाळली जातात, तेव्हा बायका ट्रक पळवून त्यातून प्रक्षेपण करतात. हे चित्रण खऱ्या न्यूयॉर्कमध्ये झालंय. 'ब्लेड रनर'चा रस्ता स्टुडिओच्या आवारात उभारलेला होता, हा फरक मला फार मोठा वाटतो.

गर्दीतली_एक:
'द मेट्रिक्स'लाही (१९९९) विसरू नका. त्यात माणसं ज्याला खरं जग समजतात ते संगणकाने उभं केलेलं आभासी जग असतं, त्याचंच नाव मेट्रिक्स, आणि तिथले पहारेकरी म्हणजे एजंट. नायक गर्दीतून चालताना लाल ड्रेसमधल्या बाईकडे वळून बघतो. पुन्हा बघतो तर तिच्या जागी एजंट पिस्तूल रोखून उभा! गर्दीतला कुणीही कधीही एजंट होऊ शकतो. सिनेमाच्या दोन दिग्दर्शकांपैकी एक, ट्रान्स बाई असलेल्या लिली वाचोव्स्कींनी २०२० मध्ये सांगितलं होतं की स्विच हे पात्र मुळात खऱ्या जगात पुरुष आणि मेट्रिक्समध्ये बाई असं योजलं होतं. हे कळल्यावर तो रस्ता मला वेगळाच दिसायला लागला.

सांजसावली:
ती धास्ती मला पुरती ओळखीची आहे. बाजूने चालणारा माणूस कोणत्या क्षणी पहारेकरी होईल, सांगता येत नाही. पण शेवटी नायक फोनबूथमधून बाहेर येतो आणि सगळ्यांच्या डोक्यावरून उडून जातो. मला त्या बूथपाशीच उभं राहायचंय, कुणी काही न विचारता. म्हणून मन सायकलवाल्या बायकांकडे ओढलं जातंय. जुनी_रिळं, आज रात्रीच बघते.

जुनी_रिळं:
जरूर बघा. फक्त मनाची तयारी ठेवा, ॲडलेड पोलिसांच्या कोठडीत मरते. शेवटी वर्ल्ड ट्रेड सेंटरवरच्या अँटेनाचा स्फोट आहे, २००१ नंतर तो बघायला जड जातो. सायकलींचा प्रसंग मात्र थांबवून दोनदा बघा.