‘शेकडा तीन’ म्हणजे वर्षाला किती?

प्रश्न (कोरेगाव) : जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला गणित शिकवते. सरळव्याजाच्या धड्यात ‘द.सा.द.शे.’ आलं की मुलं सूत्र घडाघडा म्हणतात. पण परवा एकानं विचारलं, “बाई, बँक बारा टक्के घेते, सावकार शेकडा तीनच. मग सावकार स्वस्त ना?” हा फरक वर्गात कसा मांडावा?

उत्तर (तासगाव) : ताई, मुलानं नेमकं वर्मावर बोट ठेवलंय. ‘दर साल दर शेकडा’ यात दोन ‘दर’ आहेत. पहिला मुदतीचा, दुसरा रकमेचा. बोलताना पहिला गळतो. आपल्याकडं ‘शेकडा तीननं काढलेत’ म्हटलं की ते महिन्याचं, हे देणारा-घेणारा दोघंही धरून चालतात. ‘तीन टक्क्यानं’ म्हटलं तरी तेच. बँकेचा टक्का मात्र वर्षाचा.

फळ्यावर दहा हजारांचंच गणित घ्या. शेकडा तीननं महिन्याला 300, वर्षाला 3,600, म्हणजे द.सा.द.शे. 36. बँकेच्या बारा टक्क्यांनी तेच 1,200. व्याज थकलं आणि दरमहा मुदलात धरलं, तर वर्षाअखेर व्याजच 4,258 च्या घरात जातं. शिवाय पुष्कळदा पहिल्या महिन्याचं व्याज आधीच कापतात : कागदावर 10,000, हातात 9,700. इथं मुलांना जरूर विचारा, मुद्दल कोणतं धरायचं? माझ्या मते सूत्रापेक्षा या एका प्रश्नावर तासभर घालवावा.

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 खाली परवानाधारक सावकारालाही विनातारण बिगरशेती कर्जाला ठरवून दिलेला दर वर्षाला 18 टक्के, म्हणजे शेकडा दीड. शेतकऱ्याला त्याहून कमी. हेही मुलांच्या कानावर पडू द्या.

दहावीच्या बीजगणितात ‘अर्थनियोजन’ हा धडा आहे. जीएसटी, शेअर, म्युच्युअल फंड सगळं येतं, आणि ते हवंच. पण घरात रोज कानावर पडणारा ‘शेकडा’ त्याच्या कितीतरी आधी शिकवायला हवा.

भर (वाळवा) : ‘उचल’सुद्धा घ्या. ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याची ‘पहिली उचल’ म्हणजे कारखान्याकडून येणाऱ्या बिलाचा पहिला हप्ता, त्याच्या हक्काचा पैसा. तोडणी मजुराची ‘उचल’ म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, कोयता चालवून फेडायची. फड एकच, पण एकाचं येणं आणि दुसऱ्याचं देणं. हंगामात दोन्ही घरची मुलं एका बाकावर असू शकतात, तेव्हा ‘उचल मिळाली’ असं वाक्य आलं की कुणाची, ते आधी स्पष्ट करावं.

प्रश्नकर्ती : दोघांचेही आभार. मुलांना घरी कुणी किती शेकड्यानं घेतलंय, ते विचारून यायला सांगू का?

उत्तर (तासगाव) : नको ताई. कुणाच्या घरचं कर्ज वर्गात उघडं पडायला नको, पोरं मनाला लावून घेतात. त्यापेक्षा पेपरातल्या ठेवींच्या आणि हप्त्यांच्या जाहिराती कापून आणायला सांगा. दर महिन्याचा की वर्षाचा, ते कुठं आणि किती बारीक अक्षरात छापलंय, तेवढं शोधू द्या.