रिव्हेरा, गॉसेज, विल्हेम: वेगवेगळ्या काळातले रिलीव्हर एका तक्त्यात कसे बसवायचे?

घणसोलीकर:
वाशीतल्या बेसबॉल कंपूसाठी रिलीव्हरांची (मॅचच्या मधे आधीच्या पिचरच्या जागी येणाऱ्या पिचरांची) क्रमवारी लावायला घेतलीय. सेव्ह (थोडी आघाडी राखून मॅच संपवल्याची नोंद) धरले तर रिव्हेरा ६५२, हॉफमन ६०१, गूस गॉसेज ३१०. होइट विल्हेम पार तळाला जातो. नुसता इआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यातले अर्न्ड रन, म्हणजे फिल्डिंगच्या चुकीशिवाय गेलेले रन) धरला तर रिव्हेरा २.२१, विल्हेम २.५२, गॉसेज ३.०१. तेही पटत नाही. १९५२ पासूनचे सगळे घ्यायचे तर रकाने कोणते ठेवावेत?

कोपरी_स्कोअरबुक:
सेव्हचा रकाना आधी उडवा. सेव्ह अधिकृत झाला १९६९ मध्ये. त्याआधीचे आकडे मागाहून काढलेत. शिवाय मॅनेजरने पिचरला कधी आणलं, यावरच सेव्हचं निम्मं गणित ठरतं.

नववी इनिंग, तीन रनची आघाडी, बेस रिकामे. क्लोजर (शेवटी मॅच संपवायला येणारा रिलीव्हर) दोन रन देतो, मॅच जिंकतात. सेव्ह मिळाला, त्या दिवसाचा इआरए १८!

आता सातवी इनिंग, एका रनची आघाडी, एक आउट, तिसऱ्या बेसवर आधीच्या पिचरचा रनर. गॉसेज येतो, लांब फ्लाय पकडला जातो, रनर घरी पोचतो. गॉसेजला ब्लोन सेव्ह (आघाडी घालवल्याची नोंद), रन मात्र आधीच्याच्या खात्यात. पुढे शेवटपर्यंत एकही रन दिला नाही तरी तो डाग जात नाही. त्याच्या नावावर ११२ ब्लोन सेव्ह आहेत, ते वाचताना हे लक्षात ठेवा. म्हणून एक रकाना हवाच: बेसवर आयते मिळालेले रनर किती आणि त्यातले घरी किती आले.

पाचपाखाडी:
इआरएऐवजी इआरए प्लस घ्या. त्या वर्षीच्या लीगचा इआरए आणि घरचं मैदान, दोन्ही त्यात धरलेलं असतं. १०० म्हणजे सरासरी. रिव्हेरा २०५, विल्हेम १४७, हॉफमन १४१, गॉसेज १२६. २०५ चा अर्थ असा: सरासरी पिचर १०० रन देतो तिथे रिव्हेरा ४९ देतो. विल्हेम ६८. साध्या इआरएत दोघांत ०.३१ चाच फरक दिसत होता, कारण विल्हेमच्या काळात रनच कमी होत. १९६८ नंतर तर रन वाढावेत म्हणून माउंड (पिचर उभा राहतो तो उंचवटा) १५ इंचांवरून १० वर आणावा लागला.

एक्सेलमध्ये हमखास होणारी चूक: ७३.१ इनिंग म्हणजे ७३ पूर्णांक एक तृतीयांश. दहा मॅचचे ०.२ सरळ बेरजेला घेतले तर २ येतात. खरं उत्तर ६.६७. दशांशाचा भाग सुटा काढा, १० ने गुणा, ३ ने भागा, मग बेरीज.

नेरूळ_बुलपेन:
इआरए प्लस ठीक, पण त्या सरासरीत स्टार्टरही (मॅच सुरू करणारे पिचर) असतात. एकच इनिंग जीव तोडून टाकणाऱ्याला तिथे फायदा मिळतो. तुलना त्या वर्षीच्या रिलीव्हरांशीच करा.

आणि ओझं विसरू नका. गॉसेजने १९७५ मध्ये १४१.२ इनिंग टाकून इआरए १.८४ ठेवला. माइक मार्शल १९७४ मध्ये १०६ मॅचमध्ये आला, २०८.१ इनिंग! आजचा क्लोजर ६५ इनिंगच्या आसपास. एवढ्याशा इनिंगमध्ये एक वाईट रात्र सगळं बिघडवते. एकर्स्लीचा १९९० चा ०.६१ इआरए म्हणजे ७३.१ इनिंगमध्ये ५ अर्न्ड रन. त्यात आणखी चार पडले असते तर आकडा थेट १.१० च्या घरात. एका मोसमावरून क्रमवारी लावूच नका, सलग पाच वर्षं तरी घ्या.

कोपरी_स्कोअरबुक:
एफआयपी कुणी सुचवेल. फक्त स्ट्राइकआउट, वॉक, बॉल अंगावर लागणं आणि होमरन मोजतो, त्यामुळे स्वच्छ वाटतो. पण रिव्हेराच्या कटरवर (ऐन वेळी बाजूला सरकणारा वेगवान बॉल) बॅट मोडायच्या, विल्हेमच्या नकलबॉलवर (जवळपास न फिरता डुलत येणारा बॉल) फटका नीट बसायचाच नाही. ते कसब एफआयपीत धरलंच जात नाही. या दोघांसाठी तो रकाना बिनकामाचा.

घणसोलीकर:
म्हणजे इआरए प्लस, एकूण इनिंग, आयते रनर. मग पहिला कोण?

नेरूळ_बुलपेन:
दर इनिंगमागे रिव्हेरा, त्यात वाद नाही. प्लेऑफमध्ये (मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत) १४१ इनिंग, इआरए ०.७०, तिथे समोर निवडक टीम असतात. पण विल्हेमच्या इनिंग २२५४.१ आणि रिव्हेराच्या १२८३.२. विल्हेमने ५२ वेळा स्टार्टही केलंय, त्या इनिंग वजा करून मगच त्याची बेरीज रिलीव्हर म्हणून धरा.

पाचपाखाडी:
१९५९ वर विशेष लक्ष. त्या वर्षी विल्हेम बहुतेक स्टार्टरच होता, आणि इआरएत लीगमध्ये पहिलाही.