'स्ट्रगलिंग बॉक्सर'ला मराठीत काय म्हणावं?

खडूफळा: जॉन ह्यूस्टनच्या 'फॅट सिटी' (1972) या चित्रपटावर लिहितोय आणि पहिल्याच ओळीत अडलोय. जिथे बघावं तिथे 'स्ट्रगलिंग बॉक्सर्स'. 'संघर्ष करणारे मुष्टियोद्धे' लिहिलं तर प्रचारपत्रक वाटतं. शिवाय मुष्टियोद्धा संघर्ष करणारच, धंदाच तो त्याचा.

अर्धविराम: 'धडपडणारे'?

तिरकस: धडपडीत आशा असते. 'धडपड्या मुलगा' आपण कौतुकाने म्हणतो. जेफ ब्रिजेसच्या अर्नीला चालेल. पोरगा अठराचा आहे, पहिल्याच लढतीत नाक फुटतं तरी पुन्हा रिंगमध्ये उतरतो. त्याला तर सरळ 'होतकरू' म्हणा. पण स्टेसी कीचचा टली? तिशीला टेकलेला, बायको सोडून गेलेली, दारू सुटत नाही, आणि 'पुन्हा सुरू करणार' हे पालुपद चालूच. तो धडपडत नाही, रखडलाय. सगळ्यांना एकाच विशेषणात कोंबू नका.

खडूफळा: 'रखडलेला' झकास. पण माणसाला लावतात? रखडतं ते काम, नाहीतर पगारवाढ.

तिरकस: 'जन्मभर रखडला बिचारा' ऐकलं नाहीत कधी?

मोजपट्टी: तिसरा राहिलाच, लुसेरो. एके काळचा नावाजलेला, आता बसने एकटा येतो. लघवीतून रक्त जात असताना लढतो, हरतो, निघून जातो. पडद्यावर थोडा वेळच आहे, पण माझ्या मते चित्रपट त्याचाच. बॉक्सिंगमधला 'जर्नीमन' हा शब्द त्याच्या सगळ्यात जवळचा. मुळात फ्रेंच 'जूर्ने', म्हणजे दिवस किंवा दिवसाचं काम. उमेदवारी संपलेला, पण स्वतःचं दुकान नसलेला, दिवसाच्या मजुरीवर राबणारा कारागीर. बॉक्सिंगमध्ये आयोजकाला आपला नवा पोरगा पुढे आणायचा असला, की त्याच्यासमोर उभा करायला हा अनुभवी गडी बोलावतात. बर्मिंगहॅमचा पीटर बकली 2008 साली निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर 300 लढती होत्या, त्यांतल्या 256 हरलेल्या! ठोशाने बाद झालं तर सक्तीची विश्रांती, म्हणजे पुढच्या लढतीचे पैसे बुडाले. म्हणून ही मंडळी उभ्याने, गुणांवर हरायला शिकतात. ते येरागबाळ्याचं काम नाही.

अर्धविराम: मग 'पडेल बॉक्सर'. पडेल उमेदवार म्हणतो तसं.

मोजपट्टी: हेटाळणी आली त्यात. आणि कुणी 'नुरा कुस्ती' सुचवायच्या आधीच सांगतो, तीही नको. नुऱ्यात निकाल आधी ठरलेला असतो. जर्नीमनला कुणी हर म्हणून सांगत नाही. जोडच अशी लावतात की जिंकणं कठीण व्हावं.

तिरकस: पोटार्थी?

मोजपट्टी: अर्थ बसतो, पण कसब गळतं. 'पोटार्थी लेखक' म्हटलं की लेखन सुमार असणार, असं आपण न वाचताच ठरवतो.

खडूफळा: 'रोजंदार' कसा वाटतो? मूळ अर्थाशी जुळतो. आणि टली तर खरोखरच पहाटे उठून शेतात रोजंदारीवर जातो.

मोजपट्टी: घ्या! फक्त 'रोजंदार मुष्टियोद्धा' नको, एक पाय मातीत आणि एक संस्कृतात. 'रोजंदार बॉक्सर' म्हणा. मुष्टियोद्धा पुरस्काराच्या मानपत्रात शोभतो.

अर्धविराम: आणि अडलेली पहिली ओळ?

खडूफळा: "ही कॅलिफोर्नियातल्या स्टॉक्टनमधल्या तीन बॉक्सरांची गोष्ट: एक होतकरू, एक रखडलेला, एक रोजंदार."

तिरकस: लुसेरो स्टॉक्टनचा कुठला? तो लढतीपुरता बाहेरून येतो, म्हणून तर रोजंदार. ओळ बदला.